शेवटच्या वाफ्याची पाळी

साहेबांना निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, पण त्यांना सगळे अजून साहेबच म्हणत. बायको म्हणायची ती चेष्टेनं, शेजारीपाजारी म्हणायचे ते सवयीनं, आणि साहेब स्वतःला मनातल्या मनात म्हणायचे ते अगदी मनापासून. उभा जन्म त्यांनी पाटबंधारे खात्यात काढला होता. कालव्याला पाणी कधी सुटणार, किती सुटणार, कुणाला आधी आणि कुणाला मागाहून, हे सगळं त्यांच्या सहीवर ठरायचं. आता त्यांच्या सहीवर काहीच ठरत नव्हतं. आज भाजी कुठली करू, हेसुद्धा बायको त्यांना विचारायची ते कुठली करायची हे ठरवून झाल्यावर.

त्यामुळे त्या सकाळी लेकीचा फोन आला आणि बायकोनं तो "तुमच्यासाठी आहे" म्हणून पुढे केला, तेव्हा साहेब खुर्चीत सावरून बसले. लेक लग्नाआधीपासून दुसऱ्या गावी राहत होती आणि फोन करायची तो आईला. बाबांच्या वाट्याला शेवटी एक वाक्य यायचं, "बाबा बरे आहेत ना?" आणि त्याचं उत्तरही आईच देऊन टाकायची.

"बाबा, एक विचारायचं होतं," लेक म्हणाली. "वेळ आहे ना तुम्हाला?"

वेळ! साहेबांकडे दुसरं होतं तरी काय? पण तसं कबूल करणं म्हणजे पदाला कमीपणा. "आहे थोडा," ते म्हणाले. "बोल."

लेक एका कोशाच्या कचेरीत काम करायची. शाळकरी मुलांसाठी इंग्रजी शब्दांचे अर्थ आपल्या भाषेत सांगणारा एक जाडजूड कोश तिथे तयार होत होता, आणि कित्येक वर्षं नुसता होतच होता. "आमची गाडी एकदाची 'आय' या अक्षरावर आलीय," लेक सांगत होती. "माझ्या वाटणीला 'इरिगेट' आलाय. म्हटलं, घरात एवढा मोठा माणूस असताना बाहेर कशाला विचारत फिरायचं? नेमका अर्थ, कुठे वापरतात, कुठे वापरत नाहीत, आणि एक उदाहरण. बारा वर्षांच्या पोराला कळेल असं."

साहेबांचा ऊर भरून आला. लेकीनं आपल्याला याआधी कधी काय विचारलं होतं, ते त्यांना काही केल्या आठवेना. इंजिनियरिंग अर्धवट टाकून ती भाषा शिकायला गेली, तेव्हाही तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. साहेबांनी त्यावर आदळआपट केली नव्हती. "ठीक आहे," एवढंच म्हणाले होते आणि नव्या कॉलेजची फी दुसऱ्याच दिवशी भरून मोकळे झाले होते. प्रकरण निकालात निघालं, अशी त्यांची समजूत झाली होती. त्यानंतर मात्र दोघांमध्ये बोलायला विषयच उरला नव्हता. आता तो चालून आला होता, आणि तोही साहेबांच्या हक्काच्या प्रांतातला.

साहेब चष्मा पुसून कामाला लागले. खोडाखोड झाली, चहा गार झाला, बायकोनं दोनदा जेवायला हाक मारली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून लेकीला फोन लावला, घसा साफ केला आणि वाचून दाखवलं, "शेतजमिनीस, पिकाच्या गरजेनुसार, जलाशय, कालवा वा तत्सम साधनांद्वारे, विहित वेळापत्रकास अनुसरून, नियंत्रित रीतीने पाणी सोडण्यात येणे. उदाहरण, चालू आवर्तनात लाभक्षेत्रास पाणी सोडण्यात आले आहे."

पलीकडून लेक गोड आवाजात म्हणाली, "छान आहे. बघते मी, बाबा."

'बघते' हा शब्द साहेबांच्या चांगल्याच ओळखीचा होता. टेबलापलीकडे उभ्या राहिलेल्या माणसांना त्यांनी उभी नोकरी हाच शब्द दिला होता. 'बघतो' म्हणजे आता तुम्ही या. लेकीनं तो वडिलांकडूनच उचललेला असणार, दुसरीकडून शिकायचं काही कारण नव्हतं.

"नाही, बघते नको," साहेब घाईघाईनं म्हणाले. "कुठे अडलं ते सांग."

"बाबा, यात माणूस कुठाय?" लेक म्हणाली. "सोडण्यात आले म्हणजे कुणी सोडलं? आमच्या संपादक बाईंचा नियम आहे. क्रियापद असलं की उदाहरणातली गोष्ट कुणीतरी खरंच केलेली हवी, आणि आमच्यापैकी कुणीतरी ती डोळ्यांनी बघितलेली हवी. 'इग्नाइट'च्या वेळी आम्ही सगळे गच्चीवर ओली लाकडं फुंकत बसलो होतो. 'इमिटेट'च्या वेळी शिपायानं बाईंची नक्कल करून दाखवली. ती इतकी हुबेहूब झाली, की 'इन्सल्ट' वेगळा करावाच लागला नाही."

साहेब हसले नाहीत. ते विचारात पडले होते.

"तुम्ही स्वतः कधी जमीन भिजवलीय का, बाबा? म्हणजे हातानं?"

"मी हजारो एकर भिजवलीय!"

"तुम्ही?"

"खात्यानं."

"हं," लेक म्हणाली.

हे 'हं' त्या 'बघते'पेक्षा वाईट होतं. लेकीला सोमवारी शब्द बाईंच्या हातात द्यायचा होता. नाही जमलं तर दुसऱ्या कोशांत असतो तसा अर्थ देऊन टाकू, असंही ती समजुतीनं म्हणाली. साहेबांना तेच नको होतं. दुसऱ्या कोशांतून अर्थ मिळतो म्हटल्यावर लेक पुन्हा कशाला विचारतेय? एवढ्या वर्षांनी आलेली एक संधी हातची जात होती.

"रविवारी ये," त्यांनी हुकूम सोडला. "प्रत्यक्ष दाखवतो."

"येते," लेक म्हणाली, आणि ती खरंच येणार म्हटल्यावर साहेबांना जरा घाबरल्यासारखं झालं.

बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "त्यात काय एवढं?" ती म्हणाली. "मागे वाफे आहेतच. पाइप लावा, पाणी घाला, पोरगी बघेल. झालं तुमचं इरिगेट."

"पाइपनं पाणी घालणं म्हणजे इरिगेट नव्हे."

"मग इतकी वर्षं मी काय करत होते?"

"ते शिंपणं."

"असं होय," बायको म्हणाली. "झाडांना कुणी सांगितलं नाही हो. बिचारी वाढत राहिली."

साहेबांनी तिला बसवून समजावलं. कुंडीत तांब्याभर पाणी ओतलं तर त्याला इरिगेट म्हणत नाहीत. पाऊस पडून शेत भिजलं तर त्यालाही म्हणत नाहीत. माणसानं मुद्दाम वाट काढून जमिनीला पाणी आणावं लागतं, तेव्हा तो शब्द लागू होतो. डॉक्टर लोक जखम धुतात, कान धुतात, तिथेही तो चालतो, पण ती निराळी शाखा.

"मग आधी त्या शाखेचं बघा," बायको म्हणाली. "मघापासून सांगतेय दूध उतू जातंय, तुमच्या कानात शिरेल तर शपथ."

घरामागे एक लांबट पट्टी होती. नळ घराच्या भिंतीला, आणि तिथून पार मागच्या कुंपणापर्यंत बायकोनं एकाखाली एक वाफे केले होते. नळापाशी कोथिंबीर, मग कांदे, मग टोमॅटो, मग वांगी, आणि कुंपणाला लागून काठ्यांवर चढवलेला घेवडा. साहेब त्या पट्टीत आजवर गेले होते ते फक्त वाळत घातलेला टॉवेल आणायला. आता ते टोपी घालून उतरले. पारदर्शक नळीत पाणी भरून त्यांनी जमिनीची पातळी काढली. खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, आणि वाफ्यांच्या कडेनं वरपासून खालपर्यंत सरळ पाट खणला. प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी डब्याचा पत्रा कापून, नळापाशी उभं राहून सुतळीनं ओढता येईल असं दार बसवलं. नळाजवळ एक लाकडी पट्टी रोवून तिच्यावर रंगानं खुणा केल्या. ही गेज, पाणी किती उंचीनं वाहतंय ते दाखवणारी. काम पाहायला म्हणाल तर सुरेख झालं होतं. बायकोलासुद्धा ते मनातून आवडलं, पण तसं सांगून माणूस डोक्यावर बसला असता म्हणून तिनं गिळून टाकलं.

"धुण्याची दोरी काढावी लागेल," साहेब म्हणाले. "लाभक्षेत्रात येते."

"आणि धुणं?"

"त्याला पर्यायी जागा देण्यात येईल."

मग त्यांनी पाळीपत्रक केलं आणि स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलं. वाफे पाच, पाळ्या पाच, प्रत्येक वाफ्याला घड्याळ लावून सारखीच मिनिटं. भेदभाव नाही, वशिला नाही. शिवाय रविवारपर्यंत कुणी वाफ्यांना पाण्याचा थेंबही घालायचा नाही, अशी सक्त ताकीद दिली. जमीन तहानलेली असल्याशिवाय प्रात्यक्षिकाला रंग भरणार नव्हता.

"घेवडा मान टाकायला लागलाय," शनिवारी बायको काकुळतीला येऊन म्हणाली.

"उद्या पाणी सुटणार आहे."

"ते तुम्हाला माहीत. त्याला कुणी कळवलंय का?"

रविवारी लेक आली ती खांद्याला पिशवी लावून, रिकाम्या पोटी. चहाचा कप हातात घेऊनच ती मागच्या पायरीवर आली आणि थबकली. "हे सगळं बाबांनी केलं? एकट्यांनी?"

"तर काय," आई म्हणाली. "मला फक्त नोटिसा येत होत्या."

साहेब नळापाशी उभे होते. गळ्यात शिट्टी होती, हातात घड्याळ होतं. त्यांनी शेजारी खुर्ची मांडून ठेवली होती. "तू इथे बस, माझ्याजवळ," ते लेकीला म्हणाले. "गेजपाशी. इथून सगळं दिसतं." मोठमोठे पाहुणे यायचे ते असेच कालव्याच्या तोंडाशी बसायचे, चाक फिरवायचे, टाळ्या घ्यायचे आणि जायचे.

"मी तिकडे खाली बसते, घेवड्यापाशी," लेक म्हणाली. "मला पाणी आलेलं बघायचंय." तिनं चपला पायरीशी काढल्या, सलवार घोट्यांवर दुमडली आणि शेवटच्या वाफ्याच्या कडेला एक बादली पालथी घालून तिच्यावर बसली. साहेब किंचित हिरमुसले, पण घड्याळात वेळ झाली होती. त्यांनी शिट्टी वाजवली आणि नळ सोडला.

सुरुवात झकास झाली. पाणी पाटात पडलं, चकाकलं आणि धावलं. गेजच्या पट्टीवर ते बरोबर ठरल्या खुणेला टेकलं. "पहिला वाफा!" साहेबांनी पुकारा केला आणि कोथिंबिरीचं दार उघडलं. ठरलेली मिनिटं भरली तशी शिट्टी वाजली, दार बंद झालं. "दुसरा वाफा!" मग तिसरा. साहेब पट्टीकडे बघत होते आणि घड्याळाकडे बघत होते, आणि दोन्ही ठिकाणी सगळं चोख होतं.

बघायचं राहिलं ते जमिनीकडे. इतके दिवस कोरडी ठेवलेली माती पाणी गटागटा पीत होती. टोमॅटोची पाळी लागली तेव्हा पाणी अजून कांद्यांपाशी घुटमळत होतं. साहेबांच्या हिशेबात नळातून निघालेलं पाणी त्याच क्षणी वाफ्यात असे. कागदावर पाण्याला चालावं लागत नाही.

"पाचवा वाफा!" साहेब ओरडले. "पाणी सोडलेलं आहे!"

"बाबा, इथे काही नाही!" घेवड्याआडून आवाज आला.

"येईल!"

जरा वेळानं पुन्हा आवाज आला, "नाही आलं, बाबा!"

"असं कसं? इथे गेज पूर्ण आहे!"

"इथे गेज नाहीये. इथे घेवडा आहे!"

पायरीवर बसून शेंगा निवडणारी बायको तोंडाला पदर लावून हसायला लागली. साहेबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. काटा ठरल्या जागी आला, त्यांनी शिट्टी फुंकली आणि नळ बंद केला. "पाचव्या वाफ्याची पाळी संपली!"

"संपली?" लेक बादलीवरून उठून उभी राहिली. "सुरू कधी झाली होती?"

"पाणी सोडण्यात आलेलं आहे," साहेब म्हणाले.

ते वाक्य त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं होतं. हेच वाक्य त्यांनी कितीकदा ऐकवलं होतं. कालव्याच्या शेवटाला ज्यांची शेतं असायची, ती माणसं येऊन सांगायची की पाणी आलं नाही. साहेब त्यांना पाणी किती उंचीनं सोडलं त्याचे आकडे दाखवायचे. आकडे खरे असायचे. माणसं आकड्यांकडे बघायची, एकमेकांकडे बघायची आणि निघून जायची. साहेब कधी शेवटापर्यंत गेले नव्हते, कारण जीप जाईल असा रस्ता तिथवर नव्हता. इथे मात्र शेवट चालत जाण्याइतका जवळ होता आणि तिथून स्वतःची लेक कमरेवर हात ठेवून बघत होती. ती सबब इथे चालण्यासारखी नव्हती.

साहेब पाटाच्या कडेनं चालत निघाले. टोमॅटोच्या पुढे, वांग्यांपाशी पाणी थांबलं होतं. फेस आणि वाळक्या पानांचे तुकडे पुढे घेऊन ते जागच्या जागी उभं होतं, आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत मातीत उतरून गेलं. त्यापुढचा पाट कोरडा ठणठणीत होता. खाली घेवड्याची पानं लोंबत होती.

"बसा," लेकीनं बादली त्यांच्याकडे सरकवली आणि स्वतः मातीतच मांडी घातली. साहेब बसले. इथून नळ कुठल्या कुठे दिसत होता, आणि ती रंगवलेली पट्टी तर मुळीच दिसत नव्हती.

"इथून काहीच कळत नाही," ते म्हणाले.

"नाहीच कळत." लेक हसली. "लहानपणी माझं असंच व्हायचं."

"कसं?"

"तुम्ही कालव्याच्या कॅम्पवरून रविवारी यायचात ना. आधी आंघोळ, मग आजीशी बोलणं, मग टपाल, मग आईनं आठवडाभर साठवलेली कामं. मी आपली पायरीवर बसून असायचे. वर्गात काय झालं, कोण पडलं, कुणाला मार बसला, सगळं मनात जुळवून ठेवलेलं असायचं. माझी पाळी यायची तोवर जीप दारात!"

हे ती अगदी हसत हसत सांगत होती. घरातली एखादी जुनी गंमत सांगावी तसं. त्यात राग नव्हता, गाऱ्हाणं नव्हतं, म्हणूनच साहेबांना ते फार लागलं.

"मी एकही रविवार चुकवला नाही," ते म्हणाले.

"नाहीच चुकवलात. मी कुठे म्हणतेय?"

साहेबांना पुष्कळ काही सांगायचं होतं. पावसापाण्यात, चिखलात, तापात, रात्रभर प्रवास करून आपण घरी यायचो, हे सांगायचं होतं. फी एक दिवस उशिरा भरली नाही, हे सांगायचं होतं. सगळं खरं होतं. आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपण पुन्हा नळाजवळचेच आकडे दाखवणार आहोत.

"मला वाईट वाटतंय," ते शेवटी म्हणाले. "फार वाईट वाटतंय."

लेक गोंधळली. बाबांच्या तोंडून असलं काही ऐकायची तिला सवय नव्हती. "अहो बाबा, मी सहज म्हटलं हो," ती म्हणाली आणि उगाचच मातीतली एक काडी उपटायला लागली.

"काय झालं गं?" पायरीवरून आईनं विचारलं. "दोघं असे का बसलात? घेवड्याचं सांत्वन चाललंय का?"

साहेब उठले. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून कुंपणाला अडकवली, घड्याळ खिशात टाकलं आणि पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली. त्यांचे ते पांढरेफटक पाय पाहून बायकोला पुन्हा हसू फुटलं. "नळ सोड," त्यांनी तिला सांगितलं. "आणि मी म्हणेपर्यंत बंद करू नकोस. पाळीपत्रक राहू दे."

"लेखी द्या," बायको म्हणाली, पण शेंगा बाजूला ठेवून ती उठली.

साहेबांनी फावडं घेतलं. वरच्या चारही वाफ्यांची पत्र्याची दारं त्यांनी चिखलानं लिंपून टाकली. फावड्यानं जमेना तेव्हा हातानं लिंपली. मग ते पाण्याबरोबर चालायला लागले. एका अंगाला ते, दुसऱ्या अंगाला लेक. ती पुढची पानं आणि ढेकळं उचलत होती, ते पाटाच्या कडा दाबत होते. वांग्यांच्या बांधाला उंदरानं बीळ पाडलं होतं आणि निम्मं पाणी तिथून गुपचूप पसार होत होतं. साहेबांनी टाच रोवून ते बुजवलं, तेव्हा चिखल उडून लेकीच्या चष्म्यावर बसला. "बाबा!" ती ओरडली. "नियंत्रित रीतीने!"

पाणी पुढे सरकतं कसं, ते साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. थोडी धूळ पुढे ढकलायची, थबकायचं, जमिनीनं पिऊन घेईपर्यंत वाट बघायची, आणि मग पुन्हा बोटभर पुढे. घाई करून उपयोग नव्हता. ते नुसते शेजारी उभे राहिले, वाकले, पुढची वाट मोकळी केली आणि पुन्हा उभे राहिले. कमर दुखायला लागली. पाणी एकदाचं शेवटच्या दारातून घेवड्यात शिरलं आणि लेकीच्या पायांच्या बोटांना लागलं.

"आलं!" ती लहान पोरीसारखी किंचाळली.

"आलं का?" आई नळापासून ओरडली.

"आलं!" साहेब म्हणाले.

दोघं वाफ्याच्या बांधावर टेकली. लेकीनं चष्मा ओढणीला पुसला. "मग अर्थ असा," ती म्हणाली. "'पाणी सोडणे' काढून टाकू. 'मुद्दाम वाट काढून जमिनीपर्यंत पाणी पोचवणे.' कसं वाटतं?"

"'शेवटपर्यंत' घाल त्यात."

"तेवढी जागा नाहीये हो, बाबा. आणि उदाहरण, 'माझ्या बाबांनी घेवड्याला...'"

"घेवड्याला नाही!" साहेबांमधला अधिकारी खडबडून जागा झाला. "घेवड्याच्या वाफ्याला. इरिगेट जमीन होते, झाड नाही. मुलं चुकीचं शिकतील."

"बरोबर, साहेब," लेकीनं कपाळाला हात लावून सलाम ठोकला. "'माझ्या बाबांनी शेवटचा वाफा भिजवला.' नियमात बसतं. मी बघितलंय."

साहेबांना बरं वाटलं. पण लगेच मनात आलं, की काम तर झालं. आता ही हातपाय धुणार, जेवणार, दुपारच्या गाडीनं जाणार. "पुढचा शब्द कुठला आहे तुझा?" त्यांनी आशेनं विचारलं.

"'इरिटेट.'"

"त्याची उदाहरणं माझ्याकडे आहेत!" आई तिकडून म्हणाली. तिच्या कानात सगळं शिरत होतं.

साहेबही हसले. हसता हसता त्यांच्या ध्यानात आलं, की लेकीनं आपल्याला काही विचारावं म्हणून आपण सबंध आठवडा जीव टाकत होतो. आणि आपण? ती कचेरी कुठल्या रस्त्यावर आहे, तिथे माणसं किती, त्या बाई दिसतात कशा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. फी भरली होती.

"तू दिवसभर तिथे काय करतेस गं?" ते म्हणाले.

लेकीनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. चेष्टा करतायत की काय, असं तिला वाटलं असावं. "म्हणजे?"

"म्हणजे, कचेरीत. मला काहीच माहीत नाही. पहिल्यापासून सांग."

"तुम्हाला खरंच ऐकायचंय? ते लांबलचक आहे, बाबा."

"असू दे."

तिनं बादली ओढून घेतली, नीट बसली आणि एकदा नाक ओढलं. "सकाळी ना, सगळ्यांच्या आधी मी जाते," ती म्हणाली. "किल्ली माझ्याकडे असते."

घेवड्याचा वाफा काठोकाठ भरला. पाणी बांधावरून सांडलं, साहेबांच्या टाचांखालून वाहत कुंपणाकडे निघालं. "अहो, भरलं!" बायको हाका मारत होती. "बंद करू का? अहो!" कुणी उत्तर दिलं नाही. तिनं मान उंचावून पाहिलं. लेक हातवारे करकरून बोलत होती आणि साहेब चिखलात पाय सोडून, तोंड उघडं टाकून ऐकत होते. बायकोनं हुकमाची वाट न बघता नळ बंद केला. पानं वाढायची वेळ होऊन गेली होती. ती आत गेली आणि तिनं भांड्यांवर पुन्हा झाकणं ठेवली. बाहेर लेक अजून कचेरीतल्या सकाळच्या चहापर्यंतच आली होती.